अमेरिकेत मुलांच्या शाळेच्या संघाचं 'इंडियन्स' (म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेतले मूळनिवासी) हे नाव बदलायची चर्चा सुरू आहे. मॅस्कॉटवरून, म्हणजे संघाच्या ओळखचिन्हावरून, एवढा वाद का होतो, आणि पालकांनी काय तपासून बाजू ठरवावी?

या वादात तीन शंका नेहमी निघतात. नाव सन्मानानंच ठेवलं होतं, मग अपमान कुठून आला? 'व्हायकिंग्ज' आणि 'फायटिंग आयरिश' ही संघांची नावं चालतात, तर 'इंडियन्स' का नाही? आणि पाहणीत दहापैकी नऊ मूळनिवासींना काहीच वाटत नसेल, तर इतरांनी आवाज का उठवावा? शाळेच्या सभेत हेच मुद्दे पुन्हा पुन्हा येतील. आधी त्यांची उत्तरं देतो, मग नाव बदलायचं किंवा ठेवायचं ठरलं तर काय काय करावं लागतं ते सांगतो.

माझं मत स्पष्टच सांगतो. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं हे तपासून हा वाद सुटत नाही. ज्यांचं नाव घेतलं, त्यांचा त्या नावावर काही ताबा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

मॅस्कॉट या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात: संघाचं नाव, लोगो, वेष करून मैदानात उतरणारं पात्र, आणि प्रेक्षकांच्या घोषणा व हावभाव. सभेत भांडण होतं नावावर, पण सर्वांत जास्त बोचतात त्या शेवटच्या दोन गोष्टी. इलिनॉय विद्यापीठाचा 'चीफ इलिनिवेक' पाहा. १९२६ साली तो सुरू झाला. मध्यंतराला एक विद्यार्थी पिसांचा मोठा टोप घालून नाचायचा. नाव इलिनॉय प्रदेशातल्या जमातींचं, अंगावरचा वेष पार पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या लाकोटांचा, आणि नाच बॉय स्काउटांच्या कार्यक्रमांतून उचललेला. त्या जमातींचे वंशज म्हणजे आज ओक्लाहोमात असलेली पिओरिया जमात. तिनं २००० साली हे थांबवा असं रीतसर सांगितलं. शेवटचा नाच २१ फेब्रुवारी २००७ रोजी झाला. 'फायटिंग इलिनाय' हे नाव मात्र आजही चालू आहे. म्हणजे चारांपैकी एक गोष्ट काढून दुसरी ठेवता येते. सभेत 'सगळं किंवा काहीच नाही' असा सूर लागला, तर हे उदाहरण जरूर मांडा.

याच काळातली दुसरी बाजू फार लोकांना माहीत नसते. १८८३ साली अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्यानं नियमावली काढून जमातींच्या आरक्षित प्रदेशांत सूर्यनृत्यासारखे धार्मिक नाच गुन्हा ठरवले. नाचणाऱ्याचा सरकारी शिधा बंद व्हायचा, कैदही व्हायची. हे धोरण १९३४ पर्यंत चाललं. धर्म पाळण्याला कायद्यानं स्पष्ट संरक्षण मिळायला १९७८ साल उजाडलं. म्हणजे गोरा विद्यार्थी भरल्या स्टेडियममध्ये नाचून टाळ्या घेत होता, तेव्हा ज्यांच्या परंपरेचं सोंग तो आणत होता, त्यांना स्वतःचा नाच करायला बंदी होती. 'सन्मान' हा शब्द त्यांच्या कानाला का टोचतो, ते इथं कळतं. गरुडाच्या पिसांचा टोप हा त्यांच्याकडे मिळवावा लागणारा मान आहे, आणि स्टेडियमबाहेर त्याची रंगीत नक्कल विकली जाते.

'व्हायकिंग्ज'ची तुलना इथंच कोसळते. 'व्हायकिंग्ज' हा मिनेसोटाचा संघ. तिथं स्कँडिनेव्हियन वंशाची मोठी वस्ती आहे आणि संघाच्या नावात ती स्वतःचाच वारसा मिरवते. नोत्र दाम विद्यापीठानं 'फायटिंग आयरिश' हे नाव १९२७ साली अधिकृत केलं. ते कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेलं विद्यापीठ आणि आयरिश कॅथलिकांचा तिथं मोठा भरणा. आधी हिणवण्यासाठी वापरलं जाणारं नाव त्यांनी स्वतः उचलून धरलं, आणि उद्या नको वाटलं तर टाकायचा अधिकारही त्यांच्याच हातात आहे. शिवाय 'आयरिश' म्हटल्यावर अमेरिकन मुलाला शेजारी, शिक्षक, राष्ट्राध्यक्ष असे शंभर चेहरे आठवतात. मूळनिवासी म्हटल्यावर अनेकांना आठवतो तो फक्त टोपीवरचा लोगो.

मुलांवर होणारा परिणाम मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांचे प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मूळनिवासी विद्यार्थ्यांना 'चीफ वाहू' (क्लीव्हलंडच्या 'इंडियन्स' या बेसबॉल संघाचा तेव्हाचा लोगो) यासारख्या प्रतिमा दाखवल्या. त्यानंतर त्यांचा आत्मसन्मान आणि आपल्या समाजाबद्दलचा अभिमान घटलेला दिसला, आणि 'पुढे मी काय होऊ शकतो' याबद्दलच्या शिक्षण-यशाच्या कल्पनाही कमी झाल्या. ज्यांना अशा प्रतिमा वाईट वाटत नव्हत्या त्यांच्यावरही परिणाम झाला. म्हणजे 'मला काही वाटत नाही' हे उत्तर प्रामाणिक असूनही नुकसान होऊ शकतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २००५ सालीच असे मॅस्कॉट ताबडतोब बंद करावेत अशी शिफारस केली होती.

आता तो 'दहापैकी नऊ'चा आकडा. तो खोटा नाही. २००४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अॅननबर्ग केंद्रानं आणि २०१६ साली वॉशिंग्टन पोस्टनं फोनवरून पाहणी केली, तेव्हा 'रेडस्किन्स' (वॉशिंग्टन शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं तेव्हाचं नाव) या नावाचा त्रास होत नाही असं सुमारे ९०% लोकांनी सांगितलं. पोस्टच्या पाहणीत ५०४ जण होते. अडचण अशी की मूळनिवासी कोण, हे फोनवर उत्तर देणाऱ्यानं स्वतःच सांगायचं होतं. कुठल्यातरी पणजीवरून स्वतःला मूळनिवासी म्हणवणारा माणूस आणि जमातीत वाढलेला माणूस दोघे एकाच रकान्यात मोजले गेले. २०२० साली फ्रायबर्ग व इतरांनी हजाराहून अधिक मूळनिवासींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्यांना, ४९% लोकांना, ते नाव अपमानकारक वाटलं. जमातीच्या चालीरीतींत नेहमी सहभागी होणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६७% निघालं. प्रेक्षकांनी पिसांचे टोप घालणं किंवा नाचाची नक्कल करणं याला तर नावापेक्षाही जास्त विरोध होता. सभेत कोणी आकडा फेकला, तर पाहणी कोणत्या नावाबद्दल होती आणि उत्तर देणारे कसे निवडले होते, हे दोन प्रश्न विचारा. 'रेडस्किन्स'बद्दलचा आकडा 'इंडियन्स'ला तसाच लावता येत नाही, आणि ही अट दोन्ही बाजूंना लागू आहे.

वॉशिंग्टनच्या त्या संघाचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण नाव बदलतं ते कशामुळे हे त्यात दिसतं. संघाचं नाव १९३३ साली बोस्टनमध्ये पडलं, १९३७ साली संघ वॉशिंग्टनला गेला. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी १९६२ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये असा हा शेवटचा संघ. विरोधकांनी ट्रेडमार्क कायद्याचा रस्ता धरला. कोणाचा अवमान करणाऱ्या चिन्हाची नोंदणी होऊ शकत नाही, असं एक कलम होतं. १९९९ साली ट्रेडमार्क मंडळानं नोंदणी रद्द केली, पण न्यायालयात तो निर्णय टिकला नाही. तरुण अर्जदारांनी पुन्हा अर्ज केला आणि २०१४ साली सहा नोंदण्या परत रद्द झाल्या. नोंदणी गेली तरी नाव वापरायला बंदी येत नाही, हे इथं ध्यानात ठेवायला हवं. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं 'द स्लँट्स' या आशियाई-अमेरिकन रॉक बँडच्या खटल्यात ते कलमच अभिव्यक्ती स्वातंत्र्याविरुद्ध ठरवलं. पंचवीस वर्षांची कायदेशीर लढाई तिथं संपली.

मग २०२० च्या उन्हाळ्यात, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतरच्या वातावरणात, गुंतवणूकदारांनी फेडएक्स, नायकी आणि पेप्सिकोला पत्रं लिहिली. स्टेडियमच्या नावासाठी २०.५ कोटी डॉलरचा करार केलेल्या फेडएक्सनं २ जुलैला नाव बदलायची जाहीर विनंती केली. नायकीनं आपल्या संकेतस्थळावरून माल काढला. १३ जुलैला संघानं नाव सोडलं. 'कधीही बदलणार नाही, हा शब्द मोठ्या अक्षरांत छापा' असं २०१३ साली सांगणारे मालक अकरा दिवसांत वळले. दोन हंगाम संघ 'वॉशिंग्टन फुटबॉल टीम' एवढ्याच नावानं खेळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कमांडर्स' झाला.

तुमच्या शाळेमागे असा प्रायोजक नसणार. तिथं ठरवणारे घटक दोन, राज्याचा कायदा आणि जवळच्या जमातीची संमती.

संमतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचं. २००५ साली महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएएनं अवमानकारक मूळनिवासी चिन्हं असलेल्या १८ संस्थांना आपल्या अजिंक्यपद स्पर्धांत ती वापरायला बंदी केली. फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीनं पाठिंब्याचा ठराव दिल्यामुळे 'सेमिनोल्स' नाव टिकलं. यूटाच्या 'यूट्स'ना आणि सेंट्रल मिशिगनच्या 'चिपेवाज'नाही अशीच सूट मिळाली. तरी संमती म्हणजे सगळं अचूक असं नाही. तिथं ओसेओला या सेमिनोल नेत्याच्या वेषातलं पात्र अॅपलूसा घोड्यावर बसून पेटता भाला जमिनीत रोवतं. ही घोड्याची जात वायव्येकडच्या नेझ पर्स जमातीची, आणि पेटता भाला सेमिनोल परंपरेतला नाही.

संमती फसते कशी, ते नॉर्थ डकोटा विद्यापीठानं दाखवलं. 'फायटिंग सू' नावासाठी दोन जमातींची परवानगी हवी होती. स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदानानं होकार दिला, स्टँडिंग रॉकनं दिलाच नाही. मध्येच राज्याच्या विधिमंडळानं नाव सक्तीनं ठेवायचा कायदा केला, तो त्याच वर्षी मागे घेतला, २०१२ साली सार्वमत झालं आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नाव सोडायला मान्यता दिली. २०१५ साली 'फायटिंग हॉक्स' आलं. धडा सरळ आहे: एखाद्या ओळखीच्या मूळनिवासी पालकाचा होकार म्हणजे जमातीची संमती नव्हे. संमती जमातीच्या परिषदेच्या लेखी ठरावातून येते, आणि संबंधित जमाती एकाहून अधिक असतील तर प्रत्येकीकडून यावी लागते. 'इंडियन्स'सारख्या सरसकट नावाची पंचाईत हीच आहे. संघराज्य सरकारची मान्यता असलेल्या ५७० हून अधिक जमाती आहेत, त्यांतल्या कोणाला विचारणार? वॉशिंग्टन राज्यातला 'स्पोकेन इंडियन्स' हा बेसबॉल संघ यातून वाट काढू शकला, कारण तो स्पोकेन जमातीबरोबर बसून काम करतो. त्यांच्या गणवेशावर जमातीच्या सेलिश भाषेतली अक्षरं आहेत, आणि पिसांचा टोप घातलेलं कोणतंही पात्र नाही.

राज्याचा कायदा आधी पाहून घ्या, कारण तो सगळीकडे सारखा नाही. मेननं २०१९ साली सार्वजनिक शाळांत अशा मॅस्कॉटना पूर्ण बंदी केली. कॅलिफोर्नियानं सुरुवातीला फक्त 'रेडस्किन्स' हे नाव बंद केलं, १ जानेवारी २०१७ पासून, आणि आधी घेतलेले गणवेश अटींवर वापरू दिले; २०२४ च्या कायद्यानं ही बंदी १ जुलै २०२६ पासून 'इंडियन्स'सह इतर नावांवरही वाढवली. वॉशिंग्टन राज्याच्या २०२१ च्या कायद्यात जवळच्या जमातीची मान्यता असेल तर सूट आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं २०२३ साली बंदी घातली, तर २०२५ साली केंद्राच्या शिक्षण खात्यानं त्याच बंदीला भेदभाव ठरवलं. त्यामुळे शाळा मंडळाच्या वकिलाचं ताजं मत लेखी मागा.

बदलायचं ठरलंच, तर घाईत नवं नाव जाहीर करू नका. क्लीव्हलंडचा बेसबॉल संघ 'गार्डियन्स' झाला, तेव्हा त्याच शहरात त्याच नावाचा रोलर डर्बी (चाकांच्या बुटांवर खेळायचा खेळ) संघ आधीपासून होता. खटला झाला, मग तडजोड. लोगो रेखाटण्याआधी नावाचा ट्रेडमार्क शोध आणि शेजारच्या शाळांची नावं पाहणं आवश्यक आहे. मुलांकडून सूचना घ्या, पण अंतिम यादी समितीनं तपासून पाच-सहा नावांवर आणावी आणि मग मतदान व्हावं. जुनं नाव या मतपत्रिकेत पर्याय म्हणून ठेवलं, तर नव्या नावांत मतं विभागली जातात आणि तेच निवडून येतं.

खर्चाची यादी करताना गणवेश सगळ्यांना आठवतात, पण ते नाहीतरी काही वर्षांनी बदलतातच. त्या चक्रात बसवले तर वेगळा भार फारसा पडत नाही. खरा पैसा जातो व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवरच्या रंगाला, कारण ती तासून पुन्हा लेप द्यावा लागतो. कृत्रिम गवतात विणलेला लोगो, गुणफलक, भिंतींवरची चित्रं आणि कोरीव दगडही विसरू नका. नॉर्थ डकोटाच्या हॉकी स्टेडियममध्ये देणगीदारानं हजारो ठिकाणी जुना लोगो बसवला होता, खुर्च्यांपासून ग्रॅनाइटच्या फरशीपर्यंत. त्यातला बराचसा काढणं इतकं अवघड ठरलं की करारात तो तसाच राहू द्यावा लागला. म्हणून वस्तूंची मोजदाद ठरावाच्या आधी करा आणि ठरावात प्रत्येकीपुढे वर्ष लिहा. मध्यंतरातलं पात्र आणि पिसांचे टोप पहिल्या दिवसापासून बंद होऊ शकतात, त्याला एक डॉलरही लागत नाही. करंडकांवरची, जुन्या छायाचित्रांतली आणि वार्षिक अंकांतली नावं मात्र खोडू नका. त्या मुलांनी ते सामने त्याच नावानं जिंकले होते.