‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठं?

युरोपीय महासंघातून बाहेर पडायचं का, या ब्रिटनच्या सार्वमताला दहा वर्षं होत आली, असं मागच्या अंकात मी दोन ओळींत लिहिलं आणि पुढच्या विषयाकडं वळले. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ५२ टक्के लोक ‘बाहेर पडा’ म्हणाले, विषय संपला. मग ही माणसं साडेतीन वर्षं काय करत बसली? आणि आमच्या मालाला याचा काही फायदा?

उत्तर : विषय त्या दिवशी संपला नाही हो, सुरू झाला. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : युरोपीय महासंघात राहायचं, की बाहेर पडायचं. १ कोटी ७४ लाख लोकांनी ‘बाहेर’समोर फुली मारली, १ कोटी ६१ लाखांनी ‘राहायचं’समोर. राहायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आदल्या दिवसापर्यंत तेच चालू होतं. बाहेर म्हणजे कुठं, हे मात्र त्या कागदावर नव्हतं. नॉर्वे महासंघात नाही, पण त्याच्या बाजारपेठेत आहे. तोही बाहेरच. सगळे धागे तोडून जो उभा राहील, तोही बाहेरच. तुम्हाला कुणी ‘टॉवेल पाठवा’ एवढीच ऑर्डर दिली, जीएसएम (कापडाचं वजन) नाही, साईज नाही, रंग नाही, पैसे किती दिवसांत तेही नाही, तर तुम्ही माग चालू कराल का?

त्या रिकाम्या शब्दात मग ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते भरलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते तिथल्या करी हॉटेलवाल्यांचं. ‘बाहेर’च्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल यांनी त्यांच्यासाठी वेगळी मोहीमच चालवली : युरोपातून माणसं येण्याची मोकळीक बंद झाली की आपल्या उपखंडातून आचारी आणणं सोपं होईल. आणि त्याच बाजूचे लोक दुसऱ्या गल्लीत सांगत होते, की बाहेरून येणारी माणसंच कमी करू. दोन्ही गल्ल्यांतली फुली एकाच रकान्यात मोजली गेली. पुढं त्या हॉटेलवाल्यांपैकी अनेकांनी आपली फसवणूक झाली असं उघड सांगितलं.

निकालाच्या सकाळीच पंतप्रधान कॅमेरॉन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ‘बाहेर’चा चेहरा असलेले बोरिस जॉन्सन आठवडाभरात पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून मागं सरले, कारण त्यांचे साथीदार मायकल गोव्ह स्वतःच उभे राहिले. विरोधातल्या मजूर पक्षात नेते कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. म्हणजे वाट दाखवणारे आणि अडवणारे दोघेही जागेवर नाहीत. काम पडलं थेरेसा मे यांच्या गळ्यात, आणि त्या तर स्वतः ‘राहायचं’च्या बाजूच्या होत्या. ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि महासंघातलं आयर्लंड यांच्या सीमेवर पुन्हा नाके बसवायचे नाहीत, आणि बाहेरही पडायचं, हे दोन्ही एकत्र बसेना. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा करार पार्लमेंटनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. त्या ४३२ मध्ये अर्धवट बाहेर नको म्हणणारे होते आणि अजिबात बाहेर नको म्हणणारेही होते. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. त्या देशातल्या स्कॉटलंडनं ६२ टक्के मतं ‘राहायचं’ला दिली होती. त्यांनाही जावं लागलं.

तुमच्या टॉवेलचं. महासंघात असताना कुठल्याही देशाला स्वतंत्र व्यापार करार करता येत नाही. बाहेर पडल्यामुळंच २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनचा करार सह्यांपर्यंत गेला. पाकिस्तान-बांगलादेशच्या मालाला तिथं मिळते तेवढी सवलत आपल्याला नव्हती, ही तुमची जुनी तक्रार आहे, ती या करारानं हलली. हा फायदा खरा आहे आणि सोलापूरला तो मिळावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. आमचे एक सर म्हणतात, तो निकाल पेपरवाल्यांनी लावला. दुसरे म्हणतात, पेपर आता कोण वाचतं, सगळं फेसबुकनं केलं. कोण बरोबर?

उत्तर : तुला आधी आमच्या गल्लीत नेते. सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी आठ-दहा बायका उंबऱ्याबाहेर सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायची, टोक दुमडायचं, दोरा. हजार विड्या झाल्याशिवाय हात थांबवता येत नसत. घरी सगळ्यांची तेलुगू. मराठी अक्षर ओळखणाऱ्या दोघी-तिघीच. मी चौथीत होते आणि हॉटेलातून आणलेला कालचा पेपर मी मोठ्यानं वाचायची. एकदा मथळा होता, ‘विडी कामगारांना मजुरीवाढ?’ खालची बातमी बारीक टाईपात, लांबलचक. मी मथळाच वाचला. प्रश्नचिन्ह मोठ्यानं वाचता येत नाही. बायका खूश. अम्मानं त्या संध्याकाळी मला दोन पैसे दिले. दुसऱ्या दिवशी ती माल द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचवर गेली, तिथं वाढीचं विचारलं, आणि सगळ्यांसमोर काहीतरी ऐकून परत आली. काय ऐकलं ते तिनं कधी सांगितलं नाही. मला रागावलीही नाही. तेव्हापासून मी अख्खी बातमी वाचायला लागले.

आता ब्रिटन. ‘द सन’ आणि ‘डेली मेल’ या दोघांचा खप तेव्हा रोज १५ लाखांच्या वर होता आणि दोघंही ‘बाहेर’च्या बाजूनं. मार्च २०१६ मध्ये ‘सन’नं पहिल्या पानावर छापलं, की राणीचा ‘बाहेर’ला पाठिंबा आहे. आतल्या मजकुरात तसं काही नव्हतं. नियामक संस्थेनं मथळा दिशाभूल करणारा ठरवला, पण तोवर मे महिना उजाडला होता. ‘राहायचं’च्या बाजूलाही पेपर होते : ‘गार्डियन’, ‘मिरर’, ‘फायनान्शियल टाइम्स’. गंमत अशी की ‘मेल’चंच रविवारचं भावंड, ‘मेल ऑन संडे’, उलट बाजूला होतं.

पण यानं मत फिरतं का? याचं एक चांगलं उत्तर लिव्हरपूलमध्ये मिळतं. १९८९ मध्ये लिव्हरपूलच्या फुटबॉल सामन्यात, शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ जणांचा जीव गेला. ‘सन’नं दोष लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांवर ढकलला, खोटे आरोप छापले. त्या शहरानं तो पेपर टाकला. विक्रेते ठेवीनात, घरं घेईनात, आणि हा बहिष्कार वर्षानुवर्षं टिकला. फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या दोन अभ्यासकांनी नंतर तपासलं, तर बहिष्कारानंतर त्या भागात युरोपविरोध बाकीच्या तशाच इंग्रज भागांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. २०१६ मध्ये लिव्हरपूलनं ५८ टक्के मतं ‘राहायचं’ला दिली. म्हणजे बघ, शेवटच्या आठवड्यातल्या एका मथळ्यानं माणूस फिरत नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज सकाळी चहाबरोबर तेच वाचलं, की ते आपलंच मत वाटायला लागतं. म्हणून तुझे पहिले सर अर्धे बरोबर आहेत.

दुसऱ्या सरांबद्दल थोडक्यात. ‘व्होट लीव्ह’ या ‘बाहेर’च्या मोहिमेला खर्चाची मर्यादा आणि इतर नियम मोडल्याबद्दल २०१८ मध्ये ६१ हजार पौंड दंड झाला, आणि मर्यादेबाहेरचा पैसा गेला होता ऑनलाइन जाहिरातींवर. केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीनं फेसबुकवरची कोट्यवधी लोकांची माहिती उचलली, हेही खरं. पण त्याच कंपनीनं सार्वमत फिरवलं असं जे सर्रास सांगतात, त्याला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या चौकशीत आधार सापडला नाही. सरांना हे नम्रपणे सांग.

मला जास्त भीती वाटते ती निकालानंतरच्या पेपरांची. मतदानाच्या एक आठवडा आधी, १६ जूनला, खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. त्या ‘राहायचं’च्या बाजूच्या, दोन लहान लेकरांची आई. न्यायालयात नाव विचारलं तेव्हा मारेकरी म्हणाला, ‘गद्दारांना मरण’. यानंतर तरी त्या देशातल्या संपादकांनी शब्द तोलून वापरावेत की नाही? नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एवढंच सांगितलं, की बाहेर पडण्याची नोटीस देण्याआधी सरकारनं पार्लमेंटला विचारलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’नं तिघांचे फोटो पहिल्या पानावर छापले आणि वर लिहिलं, ‘जनतेचे शत्रू’. बाहेर म्हणजे कुठं, कसं, कुणाला विचारून, हे विचारणारा प्रत्येक जण शत्रू. पुढं सर्वोच्च न्यायालयानं तोच निर्णय ८ विरुद्ध ३ नं कायम केला. पण ते पान तोवर घराघरांत जाऊन आलं होतं. तीस वर्षं डेस्कवर काढलेली बाई म्हणून सांगते, असं पान आपोआप होत नाही. कुणीतरी ते तीन फोटो शोधतं, कापतं, ओळीत लावतं, आणि पान सोडतं.

प्रश्न : महासंघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते दवाखान्यांना देऊ, असं ‘बाहेर’वाल्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं. ते मिळाले का?

उत्तर : तो आकडाच खरा नव्हता. ब्रिटनला महासंघाकडून जी सूट मिळायची ती वजा केली, तर आठवड्याला २५ कोटींच्या आसपास जात होते, आणि त्यातलेही शेतीला वगैरे परत येत होते. निकालाच्याच सकाळी ‘बाहेर’च्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनी टीव्हीवर सांगितलं, की त्या पैशांची हमी देता येत नाही. फराज त्या बसवाल्या मोहिमेत नव्हते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आणि २०१७ मध्ये जॉन्सन यांनी तोच आकडा पुन्हा वापरला, तेव्हा सांख्यिकी प्राधिकरणाच्या प्रमुखांनी त्यांना पत्र लिहून हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर आहे असं कळवलं.

प्रश्न : मी अक्कलकोटचा निवृत्त शिक्षक. आपल्या सीमाप्रश्नावर एकदाचं सार्वमत का घेऊ नये? लोकांनाच विचारा.

उत्तर : गुरुजी, तुमची कळकळ मला कळते. पण आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची तरतूद नाही, राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

तरी आपल्या घरातलं एक उदाहरण आहेच. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, तर चिन्ह फूल. केंद्रशासित राहायचं, तर दोन पानं. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. आपण हरलो. त्या वेळच्या आपल्या लोकांना किती दुःख झालं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यातही मराठी पेपर दोन्हीकडं होते : ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूनं, आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ मराठीतूनच विरोधात.

पण दोन गोष्टी तिथं नीट झाल्या. दोन्ही चिन्हांचा अर्थ ठरलेला होता. फूल म्हणजे महाराष्ट्र, पानं म्हणजे आहे ते. बाहेर म्हणजे कुठं, असा प्रश्न कुणाला पडला नाही. आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे पुढारी, तर कौल निर्भेळ व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला. कौल हरल्यावर काही आठवड्यांतच निवडणूक झाली आणि त्याच गोव्यानं त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. कॅमेरॉन पदावर राहून प्रचार करत होते आणि हरल्यावर गेले. भाऊसाहेब आधी उठले, आणि हरूनही परत आले.

आणि गुरुजी, माझ्या गल्लीत तेलुगू, मागच्या आळीत कन्नड, शाळेत मराठी. मतपत्रिका आली तर माझ्या अम्मानं कुठं फुली मारायची? मोजणी एका दिवसात होते. नळावर पाणी भरायला मात्र त्याच बायका रोज समोरासमोर येतात.

प्रश्न : तुम्ही तेव्हा एका दैनिकात होता. तुम्ही काय छापलं होतं? (सोबत जुनं कात्रण)

उत्तर : कात्रण बरोबर आहे. त्या रात्री परदेशी बातम्यांचं पान माझ्याकडं होतं. डाक आवृत्ती आधीच गेली होती, शहर आवृत्ती रात्री एकला सुटायची. तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेआठ वाजलेले, मतदान चालूच. एजन्सीची कॉपी सांगत होती, की सट्टेबाजारात ‘राहायचं’चं पारडं जड आहे, पौंड वधारला आहे. मी मथळा दिला, ‘ब्रिटन युरोपातच?’ आणि पान सोडलं. सकाळी नऊच्या पुढं निकाल कळला, तेव्हा आमचा अंक घराघरांत पडलेला होता. त्या दिवशी सेन्सेक्स ६०४ अंकांनी कोसळला. पुढच्या अंकात आम्ही कॅमेरॉन, पौंड, शेअर बाजार, सगळं सविस्तर दिलं. कालचा मथळा चुकला, ही एक ओळ दिली नाही. मी सुचवलं होतं. ‘प्रश्नचिन्ह आहे ना’ असं उत्तर मिळालं, आणि मी गप्प बसले. अम्मा तेव्हा हयात होती.

ती ओळ आता इथं देते.

दुरुस्ती : २४ जून २०१६ च्या अंकात ‘ब्रिटन युरोपातच?’ हा मथळा प्रसिद्ध झाला होता. तो मतदान चालू असताना लिहिलेला होता आणि चुकीचा होता. तो मी लिहिला होता.