चुकीची आवृत्ती राहू दे

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला आतून पोखरतोय असं दिसतं. नाही, सर्वांत लांब नदीवरच्या तुमच्या भांडणात विकिपीडियाचं ते पान सुरक्षित करणारा, म्हणजे त्यातले बदल तात्पुरते थांबवणारा प्रचालक (विकिपीडियाची व्यवस्था पाहणारा सदस्य) समोरच्या सदस्याचा माणूस नाही. त्याला दोघं एकमेकांचे बदल उलटवताना, म्हणजे रद्द करताना दिसले, त्याने कुलूप लावलं, आणि त्या क्षणी पानावर जे होतं ते तसंच राहिलं. ते नेमकं समोरच्याचं होतं. थोडं आधी कुलूप लागलं असतं तर तुझं राहिलं असतं, आणि असंच पत्र त्याने कुणाला तरी लिहिलं असतं. कुलूप म्हणजे निकाल नव्हे. मजकुराच्या वादात प्रचालकाचं मत तुझ्या-माझ्या मताइतकंच.

"पण ताई, चुकीचा मजकूर पानावर आहे आणि लोक तो वाचतायत!" हे वाक्य तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. राहू दे. वाचू देत. चुकीची आवृत्ती चार दिवस पानावर राहिली तर काही बिघडत नाही. तू ज्या घाईने ती काढायला धावलास, तिने मात्र बरंच बिघडलं आहे.

मी पानाचा इतिहास उघडून एकेक फरक पाहिला. तुझं पहिलं संपादन उत्तम होतं. जगातली सर्वांत लांब नदी नाइल नसून ॲमेझॉन आहे, असं तू लिहिलंस, संदर्भही दिलास. समोरच्याने ते उलटवलं आणि बदलासोबत लिहायच्या एका ओळीच्या सारांशात कारण लिहिलं: एका अभ्यासावरून अख्खा लेख फिरवता येत नाही. हे कारण चांगलं आहे रे! पण तू ते परत घालताना लिहिलंस, "कारण न देता मजकूर काढू नये." कारण तर समोर लिहिलेलं होतं. मग त्याचं "आधी वाचायला शिका", मग तुझं "लेख कुणाच्या मालकीचा नाही". आणि लेखाला जोडलेलं चर्चा पान? कोरं. दोघांपैकी एकानेही तिथे एक ओळ लिहिलेली नाही. सारांशाच्या चिंचोळ्या चौकटीत कुणी कुणाला काही पटवून देऊ शकत नाही, तिथे फक्त टोमणे मावतात.

वर तू मला सांगतोस की, "मी तीनच वेळा उलटवलं, म्हणजे नियमात बसतं." हे वाचून खरंच राग आला. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला संपादनबंदी होऊ शकते, हे बरोबर. पण तीन वेळा उलटवण्याचा तो हक्क नाही. भांडण सुरू ठेवल्याबद्दल त्याआधीही बंदी येऊ शकते. नियमाची काठावरची मोजणी करणारा माणूस मजकुराचा विचार करायचा थांबलेला असतो, आणि तू तसा नाहीस, म्हणून तर एवढं लिहितेय.

आता तुझ्या नदीकडे येऊ. नदीची लांबी ही ठरावीक दोन टोकांत धरून मोजलेली गोष्ट नसते. उगम कोणता मानायचा? ॲमेझॉनचा सर्वांत दूरचा उगम पेरूच्या डोंगरात नेमका कुठला, यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. मुखाशी माराजो बेटाच्या कोणत्या बाजूने मोजायचं, यावर आकडा आणखी बदलतो. नाइलच्या बाबतीतही विषुववृत्ताजवळची कोणती धार पहिली धरायची हा प्रश्न आहेच. म्हणून बहुतेक संदर्भग्रंथ नाइलला सुमारे ६,६५० किलोमीटर आणि ॲमेझॉनला सुमारे ६,४०० किलोमीटर देतात, आणि तरीही ब्राझीलच्या संशोधकांनी २००७ मध्ये ॲमेझॉन अधिक लांब असल्याचा दावा केला. तुझा संदर्भ खरा आहे. त्याचेही खरे आहेत. लेखाने न्यायाधीश व्हायचं नसतं. कोण काय म्हणतं, बहुतेकांचं म्हणणं काय आणि फरक कशामुळे पडतो, एवढं त्याने सांगायचं. तुमच्या दोघांच्या भांडणातच तो उत्तम परिच्छेद दडलेला आहे, आणि तुम्ही तो एकमेकांना लिहू देत नाही आहात.

माझ्या मनात सलणारी एक गोष्ट सांगते. शेवाळं आणि नेचे यांवर फार सुंदर लिहिणारी एक सदस्य होती. चित्रांची श्रेयं, शास्त्रीय नावांचे तिरके टाइप, सगळं निगुतीने करायची. एका लेखाचं शीर्षक शास्त्रीय नावाने असावं की प्रचलित नावाने, यावर तिचं दुसऱ्या एका जाणत्या सदस्याशी वाजलं. पान या नावावरून त्या नावावर, परत या नावावर. मी दोघांनाही लिहिलं की आत्ता जे शीर्षक आहे ते राहू द्या, आधी बोला. दोघांनाही ती माघार वाटली. शेवटी त्या दुसऱ्या सदस्याचं शीर्षक राहिलं आणि ती विकिपीडिया सोडून गेली. तिने हातात घेतलेले कितीतरी लेख अजून दोन ओळींचे आहेत. शीर्षक कधीही बदलता आलं असतं. ती परत येत नाही.

म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे. मला मवाळ म्हणतात, पळपुटीही म्हणून झालंय. एका वादात मला चूक वाटणारं वाक्य मी बराच काळ पानावर राहू दिलं, त्यावर एकाने चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, माझं नाव घेऊन लिहिलं की असे सदस्य दर्जाशी तडजोड करतात. मी तेव्हाही हेच म्हटलं आणि आजही म्हणते: जुनी प्रत्येक आवृत्ती इतिहासात सुरक्षित असते, एका टिचकीने परत आणता येते. दुखावून गेलेला माणूस परत आणायला कुठलीही कळ नाही. ते वाक्य पुढे ज्याने घातलं होतं त्यानेच बदललं, कारण चर्चा पानावर त्याला नीट संदर्भ वाचायला मिळाले. दर्जाशी तडजोड यात कुठे झाली, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

याला एकच अपवाद. जिवंत माणसाबद्दल संदर्भाशिवाय बदनामीकारक काही लिहिलं असेल, तर थांबायचं नाही, लगेच काढायचं. तिथे पानावरच्या चार दिवसांत एखाद्याचं आयुष्य होरपळतं. नदी होरपळत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या लेखाच्या शीर्षकात एक 'एच' असावा की नसावा (yoghurt की yogurt), हा वाद २००३ मध्ये ते अक्षर घालण्यापासून सुरू झाला आणि २०११ मध्ये ते काढल्यावर मिटला. इतकी वर्षं एका बाजूच्या मते शीर्षक चूक होतं, आणि लेख वाचणाऱ्या कुणाचं त्यावाचून अडलं नाही. तुझ्या नदीला एक आठवडा दे.

मित्रांना बोलावून मत नोंदवायला लावू का, असं विचारलंयस. मुळीच नाही. सहमती डोकी मोजून ठरत नाही, आणि बोलावून आणलेली डोकी लगेच ओळखू येतात. वाद दोघांतच अडला तर तिसऱ्या सदस्याचं मत मागता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर सगळ्यांकडून अभिप्राय मागवता येतात, ते साधारण महिनाभर चालतं. लवाद समितीचं नाव तर घेऊच नकोस. ती मजकुराचा निवाडा करत नाही, वागणुकीचा करते. नदी किती लांब हे तिथे कुणी ठरवणार नाही, तू काय शब्द वापरलेस हे मात्र वाचलं जाईल.

तेव्हा आज चर्चा पानावर एवढंच लिही: त्याचं म्हणणं तुला काय समजलं ते, त्याला मान्य होईल अशा शब्दांत. तुझा संदर्भ आधी नको, आधी त्याची बाजू. त्याखाली विचार, "मला हे बरोबर समजलंय का?" मग तू सुचवत असलेला परिच्छेद, दोन्ही आकड्यांसह. "वाचायला शिका"चा उल्लेखही करू नकोस. त्याचं उत्तर येईपर्यंत ते पान निरीक्षणसूचीतून, म्हणजे तू लक्ष ठेवत असलेल्या पानांच्या यादीतून, काढून टाक, नाहीतर दर तासाला बघशील. ॲमेझॉनच्या उपनद्यांवरचे कितीतरी लेख संदर्भाविना पडले आहेत, तोवर त्यांतला एखादा घे. त्याने उत्तर दिलं की मला कळव, परिच्छेद मीही वाचेन.

तुझी,
ताई