“माझ्याच हाताने झालं का हे?”

मागच्या वर्षी एक आई आली होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय), बसल्या बसल्या हेच विचारलं. चार वर्षांचा मुलगा, सारखं पोट दुखायचं, चिडचिड, नवीन शब्द येणं थांबलेलं, शेवटी रक्तातलं शिसं तपासलं तर २२ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ झालं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, आणि सुरक्षित असा आकडा तर कुठलाच नाही.

घर भाड्याचं, जुनं. खिडकीचा जुना रंग सुटलेला, अशा रंगात पुष्कळदा शिसं असतं, आणि पोरगं दिवसभर तिथेच उभं, हात तोंडात. ती सांगत होती आणि माझं लक्ष तिच्या नखांकडे, नखांत हिरवट कपचे. रिपोर्ट आल्यापासून रोज रात्री सुरीने खिडकी खरवडत होती बिचारी.

मी आधी तेच थांबवलं. कोरडं खरवडलं की शिशाची धूळ घरभर होते आणि मुलं पोटात गेलेल्या शिशातलं जवळपास निम्मं शोषून घेतात, मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि दुसरं म्हणजे तो रंग पुरावा आहे. फोटो काढा, लॅबमधून तपासून घ्या, मुलाला दुसरीकडे न्या, मगच माहितगार माणसाकडून काढून घ्या.

डॉक्टरांनी लोह कमी आहे का बघितलं, लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. शिसं बाहेर काढायचं औषध मुलांना रक्तातला आकडा साधारण ४५ च्या पुढे गेला तर देतात, त्यामुळे इथे मुख्य उपाय स्रोत तोडणं हाच.

“आता नशीब” म्हणाली. मी विचारलं मालकाला कधी सांगितलेलं? तर फोनमध्ये दोन मेसेज, रंग पडतोय म्हणून, दोन्हींना उत्तर नाही! अहो, ही तुमची चूक नाही, हा मालकाचा निष्काळजीपणा आहे आणि भरपाई मागता येते, उपचार, थेरपी, पुढचं शिक्षण सगळ्यासाठी. वकील लगेच गाठा, कारण बऱ्याच देशांत मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजतात पण आईवडिलांच्या खर्चाच्या दाव्याची मुदत आधीच संपू शकते. परवडत नसेल तर मोफत कायदा मदत मागा. आणि मालकाने थोडे पैसे देऊन सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका, हे मी तिला तीनदा सांगितलं.

आठ महिन्यांनी आकडा ११ वर आला. केस चालू आहे, स्पीच थेरपी पण. तो प्रश्न ती अजून विचारते, फक्त आता फाईल मांडीवर घेऊन.