कंबरेखालची किक, कंबरेवरची किक

कराटे, तायक्वांदो, मुए थाई आणि किकबॉक्सिंग शिकणाऱ्या वाचकांची आणि पालकांची किकबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या सहा पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तीन वर्षं तायक्वांदो शिकतोय. डोक्याच्या उंचीवर किक सहज जाते. मित्र म्हणतो, खऱ्या मारामारीत याचा काडीचा उपयोग नाही, बॉक्सिंग शीक. खरं काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

मित्राचं निम्मं बरोबर आहे. तायक्वांदोत डोक्यावरच्या किक एवढ्या दिसतात, त्याचं कारण नियमांत आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये छातीवरच्या ठोशाला 1 गुण होता, छातीवरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3, आणि गिरकी घेऊन मारल्यास छातीला 4 व डोक्याला 5. चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही, कंबरेखाली मारायचं नाही, पाय पकडायचा नाही. अशा खेळात पाय वर जाणारच. हे तीन नियम काढून टाका, मग त्याच किकची किंमत किती महाग पडते ते कळतं. तुम्ही एका पायावर असता, समोरचा दोन पायांवर. शिवाय आपल्याकडे तालमीत कुस्ती खेळलेली मुलं गावोगाव आहेत. त्यांच्यासमोर उंच पाय टाकला तर एकेरी पट (एक पाय धरून पाडण्याचा डाव) त्यांच्या हातात आयता मिळतो.

तरीही डोक्यावरची किक निरुपयोगी म्हणता येत नाही. ठोसे, किक आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्स) लढतींत नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होमने रोंडा राऊझीला आणि ऑगस्ट 2022 मध्ये लिऑन एडवर्ड्सने कमारू उस्मानला याच किकने खाली पाडलं. एडवर्ड्सची किक पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे. पाचव्या फेरीचं शेवटचं मिनिट, गुणांवर तो मागे. त्याने आधी डाव्या हाताची हूल दिली, उस्मान ती चुकवायला बाजूला झुकला आणि जिथे झुकला तिथेच डावा पाय आला. हूल नसती तर ती किक हवेत गेली असती. म्हणून सरावात एकटी हाय किक मारूच नका. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), मग किक, असं तिन्ही मिळून एकच तंत्र समजा.

रस्त्यावरच्या प्रसंगासाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे: पाय कंबरेच्या वर नेऊ नका. पायात चप्पल, अंगात घट्ट जीन्स, ओला डांबरी रस्ता, आणि वॉर्मअप तर झालेलाच नसतो. तिथे उपयोगी पडते ती साधी फ्रंट किक. गुडघा छातीकडे उचला, कंबर पुढे ढकलत तळव्याने समोरच्याच्या ओटीपोटावर किंवा मांडीच्या वरच्या भागावर मारा आणि गुडघा पुन्हा छातीशी आणून मगच पाय खाली ठेवा. अनवाणी असाल तर बोटं मागे ओढून चवडा पुढे करा, नाहीतर समोरच्याआधी तुमचा अंगठा मोडेल. या किकचं काम अंतर पाडणं एवढंच. तो दोन पावलं मागे गेला की तुम्ही निघायचं. गुडघ्यावर समोरून किंवा बाजूने मारलेली साइड किक लिगामेंट तोडू शकते आणि माणूस कायमचा अधू होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावासाठी लागेल तेवढीच इजा, या मर्यादेत. नुसत्या धक्काबुक्कीला गुडघा फोडून उत्तर दिलंत तर कोर्टात ते निभावणं अवघड जाईल.

बॉक्सिंग जरूर शिका. पण कंबरेखालच्या किकला कमी लेखू नका. 26 जून 1976 ला टोकियोत जपानी कुस्तीपटू अँटोनियो इनोकीने बॉक्सर महंमद अलीशी 15 फेऱ्या लढताना बहुतेक वेळ जमिनीवर पडून त्याच्या पायांवर लाथा मारल्या. लढत बरोबरीत सुटली, पण अलीचा पाय सुजला, रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला रुग्णालयात जावं लागलं.

प्रश्न : किकबॉक्सिंगच्या सरावात माझी मिडल किक दर वेळी पकडली जाते आणि मला पाडतात. वेग वाढवायला काय करू?
— वाचक, नांदेड

वेग हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. कंबर ते बरगडी ही उंची पकडायला सर्वांत सोपी, कारण समोरच्याचा हात तिथेच असतो. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत तीन गोष्टी दिसतात. किक नेहमी पहिली येते, तिच्याआधी हात चालत नाहीत. मारण्याआधी तुम्ही उजवं पाऊल थोडं मागे टेकता, म्हणजे समोरच्याला चिठ्ठीच मिळते. आणि लागल्यावर पाय क्षणभर तिथेच राहतो. पकडला जातो तो या थांबलेल्या पायामुळे.

आठवडाभर फक्त परतीवर काम करा. पॅड धरणाऱ्याला सांगा, किक लागल्याबरोबर पोटरीवर झडप घालायची. त्याचा हात पोहोचायच्या आत पाय जागेवर परतला तरच ती किक मोजायची. दोन्ही पायांनी 15-15 किक, तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. पहिल्या दिवशी निम्म्याही मोजल्या जाणार नाहीत.

टेकलेल्या पायाकडेही बघा. राउंड किकमध्ये (बाजूने फिरवून मारायच्या किकमध्ये) उभ्या पायाची टाच समोरच्याकडे वळली पाहिजे. ती वळली नाही तर कंबर उघडत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्यातली गादी आणि लिगामेंट फाटण्याचं हे नेहमीचं कारण. मऊ मॅटवर किंवा रबरी तळाच्या बुटांत पाऊल रुतून बसतं, तिथे आणखी काळजी घ्या.

पाय पकडला गेलाच, तर मागे ओढून घेण्याची धडपड करू नका. त्याने तुमचाच तोल जातो. लगेच जवळच्या हाताने त्याची मान मागून धरा आणि डोकं खाली दाबा. मग पकडलेल्या पायाचा गुडघा जमिनीकडे वळवून टाच खाली रेटा. पडणारच असाल तर हनुवटी छातीला लावा आणि मागे हात टेकू नका. सरळ हात टेकल्याने मनगट आणि कोपर मोडतात. पडणं सुरुवातीलाच शिकवायला हवं. बऱ्याच क्लासमध्ये ते शिकवतच नाहीत, ही गंभीर चूक आहे.

प्रश्न : नडगी कडक करायला सर काचेची बाटली फिरवायला आणि काठीने ठोकायला सांगतात. पंधरा दिवसांत नडगी दुखायला लागली आहे.
— मुए थाई शिकणारी वाचक, पुणे

बाटली आणि काठी आजच बंद करा. हाडाच्या वरचं पातळ आवरण त्याने सुजतं, हाड मजबूत होत नाही. हाड भार पडल्यावर, मध्ये भरून यायला वेळ मिळाला तरच घट्ट होतं, आणि या बदलाला महिने लागतात. मुए थाईत हा भार टांगलेल्या जड बॅगवरच्या किकमधून येतो.

बॅग तपासा. कपड्यांच्या चिंध्यांनी भरलेली बॅग काही महिन्यांत खाली दाबली जाते. वरून दाबलं तर मऊ, पण तळाच्या हातभर भागात बोट रुतत नाही. लो किकचा (कंबरेखालच्या किकचा) सराव सगळे नेमका तिथेच करतात आणि मग नडगीला दोष देतात. बॅग उलटी टांगा किंवा भरण काढून मोकळं करून पुन्हा भरा. वाळूची बॅग नकोच. सुरुवातीला निम्म्या ताकदीने प्रत्येक पायाने 30 ते 40 किक, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. महिन्याभराने थोड्या वाढवा.

आता तुमच्या दुखण्याचं. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर ठणका असेल आणि विश्रांतीने तो जात असेल, तर दोन-तीन आठवडे बॅग थांबवून बघा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. वजन उतरवण्यासाठी जेवण कमी केलं असेल आणि पाळी अनियमित झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. हाड कमकुवत होण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आणि नडगी कितीही तयार असली तरी ती कुठे आदळते यावर सगळं ठरतं. 28 डिसेंबर 2013 ला लास वेगासमध्ये एमएमएच्या लढतीत अँडरसन सिल्व्हाने लो किक मारली, ख्रिस वाइडमनने गुडघा उचलून ती अडवली आणि सिल्व्हाची नडगी मोडली. एप्रिल 2021 मध्ये वाइडमनचीच नडगी लढतीतल्या पहिल्या किकला तशीच मोडली. नडगीच्या हाडाचे तीन सारखे भाग केले तर मधला आणि खालचा भाग जिथे मिळतात तिथे ते सर्वांत बारीक असतं, आणि समोरच्याच्या गुडघ्याखालचा भाग जाड असतो. म्हणून लो किक उपयोगी पडते ती समोरच्याचं वजन पुढच्या पायावर असताना, कारण तो पाय त्याला उचलता येत नाही. हाताने मारून त्याला पुढे टेकायला लावा, मग घोट्याच्या वर वीतभर अंतरावरच्या नडगीने मांडीच्या बाहेरच्या बाजूला मारा. पावलाच्या वरच्या भागाने मारू नका. तिथली हाडं कोपरावर आदळली तर मोडतात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. कराटे क्लासमध्ये स्प्लिट (दोन्ही पाय फाकवून जमिनीवर बसणं) होत नाही म्हणून दोन मोठी मुलं त्याच्या मांड्यांवर बसतात. तो रडतो. सर म्हणतात, सगळ्यांचं असंच होतं.
— पालक, सातारा

हे लगेच थांबवायला सांगा, आणि ऐकलं नाही तर क्लास बदला. या वयात स्नायू जिथे कमरेच्या हाडाला जोडलेले असतात तिथे हाड अजून कूर्चेचं असतं. जोराने ताणल्यावर स्नायूऐवजी तो तुकडाच ओढला जाऊ शकतो, आणि पुढे किशोरवयात तो धोका आणखी वाढतो. शिवाय खुब्याच्या सांध्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी. काहींचं हाडच हाडाला अडतं. अशा मुलाला वर्षभर ताणलं तरी पूर्ण स्प्लिट होणार नाही.

आधी दहा मिनिटं धावणं आणि पाय पुढे-मागे, बाजूला झुलवणं. ताणणं क्लास संपल्यावर, स्वतःच्याच वजनाने, 30 सेकंद, ओढ जाणवेल इतपत. किकची उंची ताकदीवरही अवलंबून असते. भिंतीला एक हात लावून गुडघा उचलून पाच सेकंद धरणं, दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, एवढ्याने फरक पडतो.

प्रश्न : कुमितेत (कराटेच्या लढतीत) माझी जोदान मवाशी गेरी (डोक्यावरची राउंड किक) नीट लागली, समोरचा खाली बसला आणि दंड मलाच झाला. हा न्याय आहे का?
— वाचक, ठाणे

तुमच्या खेळाच्या नियमांत आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 7 ऑगस्ट 2021 ला पुरुषांच्या सर्वांत जड गटाच्या अंतिम लढतीत सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याची किक डोक्यावर लागून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. जोराचा आघात केला म्हणून हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून नेलेला गंजजादेह सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. अशा कराटेत गुण मिळतो तो डोक्याजवळ पोहोचून पाय आवरण्याला. पूर्ण आघात करायचा असेल तर क्योकुशिन (पूर्ण ताकदीने मारायचं कराटे) किंवा किकबॉक्सिंगकडे जा.

प्रश्न : मांडीवर लो किक बसून गाठ आली आहे. आजी तेल लावून चोळायला सांगते.
— वाचक, कोल्हापूर

चोळू नका, शेकू नका. स्नायूत रक्त साकळलेलं असतं. चोळल्याने ते वाढतं, आणि काही वेळा तिथे हाडासारखा कडक भाग तयार होतो. पहिला दिवस गुडघा सोसेल तितका वाकवून ठेवा, म्हणजे मांडी आखडत नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, दोन दिवस. गुडघा काटकोनात दुखण्याशिवाय वाकेपर्यंत स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) बंद. दोन-तीन आठवड्यांनी गाठ कडक लागत असेल किंवा गुडघा वाकत नसेल तर एक्स-रे काढून घ्या. मांडी दगडासारखी ताठ झाली, दुखणं तासातासाने वाढत चाललं आणि पायाला मुंग्या आल्या, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा. स्नायूतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचं ते लक्षण आहे आणि त्यावर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते.

पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली किक बसली असेल आणि चालताना पाऊल वर उचलत नसेल, तर तिथल्या नसेला मार बसला आहे. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते सावरतं. दुसऱ्या दिवशीही पाऊल लोंबत असेल तर डॉक्टरांना दाखवा.