वाचकांचे प्रश्न : तापकीर गल्लीची खरेदी आणि वाटेतली मिसळ

प्रश्न : आम्ही चौघे निवृत्त मित्र पिंपरीला राहतो. सोसायटीच्या खोलीत संध्याकाळी नाट्यगीतं ऐकायला ब्लूटूथचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि दोन स्पीकर सुटे आणून जोडायचे आहेत. पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आणू म्हणतो. एका ओळखीच्याने टीपीए ३११६ आयसीचा (चिपचा), '२०० वॉट' लिहिलेला बोर्ड आणि सोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर सुचवला. पुरेल का?

उत्तर : बोर्ड घ्या, अडॅप्टर मात्र तो नको. डबीवरच्या वॉटकडे लक्षच देऊ नका. आवाज किती मिळणार हे व्होल्टेज आणि स्पीकरचे ओहम (विजेला होणारा विरोध) ठरवतात. हीच आयसी २४ व्होल्टवर ८ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी साधारण ३० वॉट देते. १२ व्होल्टवर मिळतात जेमतेम ८. तबल्याच्या बायाचा ठोका आला की आवाज फाटतो, आणि लोक स्पीकरला दोष देतात.

तेव्हा २४ व्होल्टचा, किमान ३ अँपिअरचा अडॅप्टर मागा. ५ अँपिअरचा मिळाला तर उत्तम, तो गरम कमी होतो. एलईडी पट्ट्यांसाठी येतो तो जाळीच्या पत्र्याचा सप्लाय स्वस्त पडतो, पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. खोलीत नातवंडं येणार असतील तर बंद डबीचाच घ्या. पिन बोर्डाच्या सॉकेटमध्ये घालून हलवून बघा. बाहेरून दोन्ही ५.५ मिमी, पण आतला खिळा कुठे २.१ तर कुठे २.५ मिमी असतो. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन बसते, पण ढिली राहते आणि गाणं मधेच तुटतं.

बोर्डावर आणखी एक गोष्ट नक्की वाचा : सप्लायजवळच्या मोठ्या कॅपॅसिटरवरचा (उभ्या नळकांड्यासारख्या भागावरचा) आकडा. तिथे २५ व्होल्ट लिहिलं असेल तर २४ व्होल्टच्या अडॅप्टरला जागाच उरत नाही. अडॅप्टर किंचित जास्त व्होल्ट देऊ लागला की तो कॅपॅसिटर फुगतो. ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी तोच घ्या.

प्रश्न : काउंटरवर काय तपासावं? आमच्यात कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही.

उत्तर : एक साधा मल्टिमीटर आणि एक पेन्सिल सेल खिशात असू द्या, एवढ्यावर भागतं. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ ओहम दाखवतो. ते बरोबरच आहे. ३.५ च्या आसपास आला तर तो ४ ओहमचा आहे, लेबल काहीही म्हणो. मग सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल खुणेला आणि ऋण टोक दुसऱ्याला क्षणभर टेकवा. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला, तर खुणा उलट आहेत. तसेच जोडले तर खर्ज गायब होतो.

शेवटी दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून अलगद, सारखा दाब द्या. आत खरखर ऐकू आली तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) चुंबकाला घासते आहे. तो स्पीकर परत करा, दुरुस्त करून देतो म्हटलं तरी घेऊ नका.

बोर्ड तिथेच जोडून वाजवायला सांगा. उघडा स्पीकर दुकानात पातळ वाजेल, कारण मागची हवा पुढच्या हवेला मारते. तो दोष नाही, खोक्यात बसवल्यावर जातो. गाणं थांबवून कान स्पीकरजवळ न्या. बारीक 'चीं' ऐकू आली तर ती ब्लूटूथची आहे आणि घरीही येणारच. आलापीतल्या शांत जागांत ती फार टोचते, म्हणून दुसरा बोर्ड लावून बघा.

'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे बहुतेक वेळा काउंटरवर वाजलं, तिथेच जबाबदारी संपली. पक्कं बिल मागा, त्यावर बोर्डाचं नाव लिहून घ्या.

घरी जोडताना दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करू नका. या बोर्डात चारही टोकं स्वतंत्र असतात. जुन्या डेकसारखी 'कॉमन अर्थ' केली तर आयसी लगेच बंद पडते, कधी कायमची. तार १ चौरस मिमीची पुरेल.

प्रश्न : आणि दिवसभराच्या खाण्याचं?

उत्तर : मेट्रो पिंपरीहून सरळ येते, बदलावी लागत नाही. मंडईला उतरा. आधी मिसळ, मग खरेदी, हा क्रम धरा. उपाशीपोटी घासाघीस होत नाही, आणि मिसळ सकाळचीच खरी. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन जवळ पडतं. चालायची तयारी असेल तर नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ आहे. तिच्या रश्शात गोडसर झाक असते आणि सोबत पाव नाही, स्लाइस येतात. चौघांत कुणाला तिखट सोसत नसेल तर बेडेकरच बरं. रस्सा सगळा एकदम ओतू नका. थोडा थोडा घेतला तर शेव शेवटपर्यंत कुरकुरीत राहते.

हात साबणाने धुऊनच तापकीर गल्लीत शिरा. कागदी कोनावर तेलाचं बोट उमटलं की ते जात नाही.

खरेदी झाल्यावर सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी. ही दुधात आइस्क्रीम फेटून वर आणखी एक गोळा घातलेली असते, एक ग्लास दोघांत पुरतो. जाताना बाजीराव रस्त्यावर चितळ्यांकडून बाकरवडी घ्या, पण ती वेगळ्या पिशवीत. स्पीकरचं चुंबक जड असतं, एका पिशवीत घातलंत तर पिंपरीला पोहोचेपर्यंत बाकरवडीचा चुरा होईल. आणि दोन स्पीकर एकमेकांना खेटून ठेवू नका. चुंबकं ओढून खटकन आदळतात आणि मध्ये बोट सापडलं तर चांगलंच चेंगरतं. मध्ये पुठ्ठा घालायला दुकानदाराला सांगा.