निविदेत वस्तूच्या आयुष्यभराचा खर्च धरा

प्रश्न : मी शहराच्या खरेदी विभागात काम करतो. पर्यावरणपूरक खरेदी करा, असं वरिष्ठ सांगतात. पण सर्वांत कमी दराची निविदा सोडली की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. मीही बरीच वर्षं खरेदीच्याच टेबलावर काढली. म्हणून सांगते, कमी दराचा नियम मोडायला जाऊ नका. दर कशाचा मोजायचा, ते बदला.

रस्त्यावरचा दिवा घ्या. 250 वॉटचा जुना सोडियम दिवा रोज 12 तास जळला, तर वर्षाला 1,095 युनिट वीज घेतो. त्याच जागी 100 वॉटचा एलईडी पुरत असेल, तर लागतात 438. म्हणजे 657 युनिटांचा फरक, तोही एका खांबामागे! पण वीजबिल भरलं जातं वेगळ्या लेखाशीर्षातून, त्यामुळे खरेदीच्या फायलीत हा आकडा येतच नाही. खरी मेख इथे आहे.

तेव्हा निविदेतच छापा, की तुलना करताना किंमत, वीज, देखभाल आणि शेवटची विल्हेवाट असा दहा वर्षांचा खर्च धरला जाईल. विजेचा कोणता दर धरणार, तेही लिहा. सूत्र आधीच जाहीर असेल, तर लिफाफे उघडल्यावर मर्जीतल्याला काम दिलं असं कुणाला म्हणता येत नाही. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशात अशा निवडीची स्पष्ट मुभा आहे. तुमच्या नियमांत ती कुठे बसते, हे लेखा विभागासोबत बसून आधीच पक्कं करा. आक्षेप आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे फार बरं.

सगळ्याच वस्तूंना एकदम हात घालू नका. व्हिएन्ना शहराचा ‘ओकोकाउफ’ हा पर्यावरणपूरक खरेदीचा कार्यक्रम 1998 पासून चालू आहे. तिथे स्वच्छतेची रसायनं, कागद, रंग असे गट पाडून निकष ठरवतात. तुमचे निकष ठरवताना ती वस्तू रोज हाताळणाऱ्यांना जरूर बोलवा. फरशी पुसणाऱ्यांना विचारल्याशिवाय फिनाइलचा पर्याय ठरवणं मला पटत नाही.

अट लिहून भागत नाही. भांडारात खोकी मोजून सही झाली, तर पुनर्वापरित कागदाची अट फायलीतच राहते. माल उतरवून घेताना काय तपासायचं, कोणता चाचणी अहवाल मागायचा, हे एका पानावर लिहून भांडारपालांकडे द्या. अहवाल नसेल तर बिल अडवण्याचा अधिकार करारातच ठेवा.