विमा तीन वर्षांचा, पण कोणाचा?

एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत.

"वय ३४. हातात ६२ हजार पगार येतो, घरखर्च साधारण ३८ हजार. घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. सव्वादोन वर्षांपूर्वी गाडी घेतली. कर्ज नऊ लाख, सात वर्षांसाठी, हप्ता १४,७००. आता कंपनीची बस सुरू झाल्यामुळे गाडी नुसती उभी असते. कॉलेजपासूनच्या मित्राची चार महिन्यांसाठी लांबच्या साइटवर बदली झालीय, जाऊन-येऊन रोज ८० किलोमीटर. तो गाडी मागतोय, महिना सहा हजार देतो म्हणतोय. बायको नको म्हणते. विमा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे ती काळजी नाही. पैशांची मदतही होईल, कारण बँकेच्या गॅरंटीड प्लॅनचा लाखाचा दुसरा हप्ता या वेळी एफडी मोडून भरला. देऊ का गाडी?"

देऊ नका. निदान आज तरी नको. मित्र कसा आहे हा प्रश्नच नाही, तो देवमाणूस असेल. मी अडकलो ते पत्रातल्या एका वाक्यावर: "विमा तीन वर्षांचा आहे."

गाडीत जा, डॅशबोर्डच्या कप्प्यातून पॉलिसीचा कागद काढा आणि वरचा चौकोन नीट वाचा. तिथे एक नाही, दोन मुदती छापलेल्या असतील. थर्ड पार्टीची, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईची, मुदत तीन वर्षांची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, जिला कागदावर 'ओन डॅमेज' म्हणतात, ती बहुतेक एकाच वर्षाची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ओन डॅमेजची सक्ती नाही, आणि ऑगस्ट २०२० पासून नव्या गाडीसोबत तो बहुतेक एका वर्षाचाच मिळतो. शोरूममधला माणूस चावी देताना "तीन वर्षं बघायला नको" म्हणतो आणि आपण तेच लक्षात ठेवतो. नूतनीकरणाचा मेसेज आला असेलही. लोन, क्रेडिट कार्ड, लॉटरी यांच्या मेसेजांच्या ढिगात तो गेला.

थोडक्यात, पंधरा महिने झाले, तुमची गाडी तुमच्यासाठी विम्याविना उभी आहे. समोरच्याचं नुकसान झालं तर कंपनी भरेल. तुमची गाडी ठोकली, चोरीला गेली, पावसात बुडाली, तर शून्य. आणि कर्ज? हप्ता धरून हिशोब केला तर अजून सुमारे सात लाख बाकी आहे. उद्या गाडी गेली तर गाडी नाही, पण १४,७०० चा हप्ता पुढची जवळपास पाच वर्षं आहेच. कर्जाच्या करारात पूर्ण विमा चालू ठेवण्याची अट बहुतेक असतेच, तीही तुम्ही मोडून बसलात. मित्र चालवो की तुम्ही, हा धोका आजही आहे. बायकोने नको म्हटलं ते कदाचित वेगळ्या कारणाने असेल, पण उत्तर बरोबर दिलं.

या आठवड्यात ओन डॅमेज घ्या, झीरो डेपसकट, म्हणजे क्लेम देताना कंपनी सुट्या भागांची घसारा-कपात करत नाही. खंड पडलाय म्हणून कंपनी आधी गाडीची तपासणी करेल, बहुतेक मोबाइलवर व्हिडिओ मागवून. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर मिळणारा २० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, मात्र गेला, कारण मुदत संपून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण करावं लागतं. बारा-पंधरा हजार जातील. कुरकुर न करता भरा.

आता मित्राचे सहा हजार. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने देण्यासाठी नसते. "भाडं नाही, हप्त्याला हातभार" हे तुम्हा दोघांना पटेल, क्लेम तपासायला आलेल्या माणसाला पटेलच असं नाही. रोज ८० म्हणजे चार महिन्यांत आठ हजार किलोमीटर. त्याबदल्यात २४ हजार, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. टायर, सर्व्हिस आणि विकतानाची घट धरा, हातात काय उरतं? द्यायची तर फुकट द्या, पेट्रोल त्याने भरावं, आणि तेही ओन डॅमेजची पॉलिसी हातात आल्यावर. त्याचं लायसन्स चालू आहे का ते स्वतः बघा. लायसन्स नसताना अपघात झाला तर जखमीला दिलेले पैसे विमा कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते, वर ५,००० चा दंड गाडीमालकाला वेगळा. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त गाडीमालकाला लागू होतो, मित्राला नाही. हे त्याला आधीच सांगा.

इथे उत्तर संपलं असतं. पण एफडी मोडून लाखाचा हप्ता? तुम्ही ते सहज लिहून गेलात. मी तुमच्याकडून प्लॅनचे तपशील मागवून घेतले: दहा वर्षं दरवर्षी एक लाख, विसाव्या वर्षी २० लाख, विमा कवच १० लाख. मॅनेजर म्हणाले, "पैसे दुप्पट, म्हणजे दहा टक्के पडतात." नाही पडत. तुमचा सरासरी रुपया तिथे साडेपंधरा वर्षं अडकतो आणि मग दुप्पट होतो. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की ढोबळ व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. पीपीएफ गेली काही वर्षं ७.१ देतोय, आणि त्यासाठी कुणी केबिनमध्ये बोलावून चहा पाजत नाही. "टॅक्सही वाचेल" असं सांगून हा प्लॅन गळ्यात मारला, त्याचा मला जास्त राग आला. तुमच्या पगाराला नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून कर शून्य आहे. शून्यातून काय वाचवणार?

कवचाचं बघा. तुमचं काही बरंवाईट झालं तर १० लाख येतील. त्यातले सात लाख गाडीच्या कर्जात. उरले तीन. ३८ हजारांच्या घरखर्चाला ते आठ महिने पुरतील. मुलगी तेव्हा बालवाडीतून पहिलीतही गेलेली नसेल. यासाठी तुम्ही महिन्याला आठ हजारांहून जास्त बाजूला काढताय, आणि गाडीचा हप्ता व घरखर्च धरला की ६२ हजारांतून उरतात जेमतेम हजार रुपये. म्हणून मित्राचे सहा हजार एवढे गोड वाटतात.

एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या. परत काही मिळत नाही म्हणून एजंट नाक मुरडतो, तोच. व्यसन नसेल तर तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल. अर्जात तब्येतीचं काही लपवू नका. ती पॉलिसी हातात आल्यावरच बँकेत जा आणि जुन्या प्लॅनचं सरेंडर मूल्य (आत्ता बंद केला तर किती मिळतील) आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता तसाच ठेवला तर शेवटी किती मिळतील), दोन्ही लेखी मागा. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे त्यानंतरच्या पॉलिसींना पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही रक्कम मिळते. दोन लाख पूर्ण परत येणार नाहीत, तो घाव सोसावा लागेल. पण अजून आठ लाख भरायचे राहिलेत, ते तुमच्याच खिशात आहेत. "आणखी एक हप्ता भरा, मग बघू" असं कुणीतरी नक्की म्हणेल. ते दोन आकडे मला कळवा, मग सरेंडर की पेड-अप ते ठरवू. तिसरा हप्ता तोवर भरू नका.

जे पैसे परत येतील त्यातून आधी मोडलेली एफडी पुन्हा उभी करा, निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी. मित्राला सांगा, विम्याची तपासणी व्हायचीय, दोन आठवडे बसने जा.